हमी परत घेताना

७ ऑक्टोबर २०२४ रोजी पायथनची ३.१३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या स्टँडर्ड लायब्ररीतून १९ मॉड्यूल्स एकदम गेली. प्रोग्रॅमिंगची भाषा संगणकावर बसवली की तिच्याबरोबर तयार कोडचा जो साठा आपोआप येतो, त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. फाइल उघडणे, तारखांचे गणित, ईमेल पाठवणे अशी रोजची कामे त्यातल्या एकेका मॉड्यूलकडे सोपवलेली असतात. काढून टाकलेल्या १९ मॉड्यूल्समध्ये टेलनेटवरून दुसऱ्या यंत्राशी बोलणारे एक होते, यूजनेटवरचे लेख आणून देणारे एक होते, सन कंपनीच्या वर्कस्टेशनवरच्या आवाजाच्या फाइल वाचणारे एक होते. पासवर्डचे हॅश काढणारे क्रिप्ट होते आणि एके काळी वेबसाइटला जिवंतपणा आणण्याचा सरधोपट मार्ग असलेले सीजीआयही होते. ज्यांचे चालते प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर पहिल्याच ओळीला अडखळले, त्यांचा प्रश्न साधा होता: कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हा कोड काढायची गरजच काय होती? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘जुने झाले म्हणून’ एवढ्यावर भागत नाही. माझे म्हणणे असे की स्टँडर्ड लायब्ररीत मॉड्यूल ठेवणे ही एक हमी असते आणि हमी देणारा माणूसच उरलेला नसेल, तर ती उघडपणे परत घेणे हे वापरणाऱ्याच्याच हिताचे असते. ती परत कशी घ्यावी, यावर मात्र भांडायला भरपूर जागा आहे.

ही मॉड्यूल्स आत आली तेव्हा कोणी चूक केली होती असे नाही. गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅममधल्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना फेब्रुवारी १९९१ मध्ये पायथन जगापुढे ठेवले. त्या वेळी इंटरनेट विद्यापीठांत आणि मोजक्या कंपन्यांत होते. दुसऱ्याने लिहिलेला कोड मिळवायचा तर तो कुठे आहे हे आधी कळले पाहिजे, मग तो उतरवून घ्यायचा, आपल्या यंत्रावर कंपाइल करून पाहायचा आणि तो चालेल अशी आशा करायची. अशा काळात भाषेबरोबरच शक्य ते सगळे देऊन टाकणे हा मोठाच दिलासा होता. ‘बॅटरीज इन्क्लुडेड’ हे पायथनचे ब्रीदवाक्य त्यातूनच आले, म्हणजे खोका उघडला की खेळणे लगेच चालले पाहिजे. कोणत्या बॅटऱ्या घालायच्या हे अर्थातच घालणाऱ्यांच्या टेबलावर काय होते त्यावर ठरले. म्हणून लायब्ररीच्या जुन्या दस्तऐवजांत सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्ससाठी आणि सनच्या प्रणालीसाठी स्वतंत्र प्रकरणेच होती. त्यातली कित्येक मॉड्यूल्स २००८ च्या डिसेंबरमध्ये पायथन ३.० आले तेव्हाच गेली. तोवर बाहेरची परिस्थितीही पालटली होती. २००३ मध्ये पायपीआय हे पॅकेजांचे सार्वजनिक कोठार सुरू झाले, २००८ मध्ये तिथून पॅकेज आणून बसवणारे पिप आले आणि २०१४ च्या ३.४ आवृत्तीपासून पिप खुद्द पायथनबरोबरच मिळू लागले. हवे ते पॅकेज एका आज्ञेत मिळू लागले, तेव्हा सगळे आधीच खोक्यात घालून देण्यामागचे मुख्य कारण संपले होते. कोड मात्र जिथल्या तिथे राहिला.

राहिला तर राहिला, बिघडले काय? हा सर्वांत आधी येणारा आणि वरवर पाहता बिनतोड आक्षेप. न वापरलेली फाइल डिस्कवर काही किलोबाइट जागा अडवते, एवढेच तिचे ओझे. याला उत्तर म्हणून मेलकॅप या मॉड्यूलची हकिगत पुरेशी आहे. ईमेलबरोबर एखादी फाइल आली तर ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, याची नोंद युनिक्स प्रणालींवर मेलकॅप नावाच्या फाइलींत असते. पायथनचे मॉड्यूल ती नोंद वाचून आज्ञा तयार करून देई. नोंदीत जिथे फाइलच्या नावासाठी जागा सोडलेली असे, तिथे ते नाव जसेच्या तसे चिकटवले जाई. आता फाइलचे नावच जर कोणी असे ठेवले की त्यात अर्धविराम आहे आणि त्यापुढे फाइली पुसून टाकणारी आज्ञा आहे, तर शेल ती आज्ञा इमानेइतबारे पाळणार. म्हणजे जोडपत्राचे नाव वाचताना परक्या माणसाची आज्ञा आपल्या यंत्रावर चालू शकत होती. ही त्रुटी २०१५ मध्ये रीतसर नोंदवली गेली. तिला सुरक्षात्रुटींच्या यादीतला क्रमांक मिळाला आणि ती बुजवली गेली २०२२ मध्ये. सात वर्षे हे घोंगडे भिजत पडले होते. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, निष्काळजीपणाही म्हणवत नाही. मेलकॅप आपले आहे असे म्हणणारे कोणी नव्हते, एवढेच. पायथनचे कोर डेव्हलपर बहुतांशी स्वयंसेवक आहेत आणि ते ज्या गोष्टी स्वतः वापरतात, ज्यांची त्यांना जाण आहे, तिकडे त्यांचा वेळ जातो. ज्या मॉड्यूलला वाली नाही, त्याची तक्रार वाचायलाही कोणी पुढे येत नाही. डिस्कवरची जागा हा खर्च नव्हताच कधी. खर्च होता तो ही जबाबदारी कागदावर सगळ्यांची आणि प्रत्यक्षात कोणाचीच नसण्याचा.

शिवाय कोणी हात न लावलेला कोडसुद्धा काम काढतोच. पायथनमध्ये कोणताही बदल झाला की संपूर्ण लायब्ररीच्या चाचण्या वेगवेगळ्या प्रणालींवर आपोआप चालवल्या जातात. यूजनेटसाठीचे एनएनटीपीलिब हे मॉड्यूल त्यात कुप्रसिद्ध होते. पायथनकडे या प्रोटोकॉलची फक्त ग्राहकाची बाजू असल्यामुळे चाचणीला बाहेरच्या खऱ्याखुऱ्या न्यूज सर्व्हरशी जोडणी करावी लागे. तो सर्व्हर कधी बंद असे, कधी मंद. मग ज्याने तारखांच्या हिशेबात दुरुस्ती केली आहे त्याच्या चाचणीचा निकाल लाल दिसे आणि आपल्या बदलाने काय मोडले ते शोधण्यात त्याचा दिवस जाई. मोडलेले काहीच नसे.

तरी देखभालीच्या खर्चाचा मुद्दा मला दुय्यम वाटतो. तो भाषा बनवणाऱ्यांच्या सोयीचा मुद्दा आहे आणि त्यांची सोय म्हणजे आपली गैरसोय असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. मुख्य मुद्दा वापरणाऱ्याच्या बाजूचा आहे. नवशिका माणूस जेव्हा पासवर्ड साठवायचे काय करावे हे शोधतो आणि त्याला भाषेच्याच लायब्ररीत, अधिकृत दस्तऐवजांत, क्रिप्ट नावाचे मॉड्यूल दिसते, तेव्हा तो पुढे शोधत नाही. लायब्ररीत असणे हाच त्याच्या लेखी निवाडा असतो. आणि क्रिप्ट होते काय? ज्या प्रणालीवर पायथन चालते तिथे आधीच असलेल्या एका जुन्या युनिक्स फंक्शनकडे बोट दाखवणारे पातळ आवरण. त्या फंक्शनचा मूळ प्रकार डीईएस या सत्तरच्या दशकातल्या पद्धतीवर उभा आहे आणि तो पासवर्डची पहिली आठ अक्षरेच बघतो. नववे अक्षर चुकीचे टाइप करा, दहावे टाइपच करू नका, दार उघडतेच. लिनक्सवर याच मॉड्यूलमधून बऱ्या पद्धती मिळत, मॅकवर तोच जुना प्रकार मिळे आणि विंडोजवर मॉड्यूलच नसे. एकाच नावाखाली तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी, आणि त्यातली एक धोकादायक. असे काही बाहेरच्या कोठारात पडून असते तर ते घेणारा चार ठिकाणी विचारून घेता. स्टँडर्ड लायब्ररीच्या शिक्क्यामुळे तो विचारत नव्हता.

क्रिप्टमध्ये निदान धोका तरी ठळक होता. चित्राच्या फाइलचा प्रकार ओळखणारे आयएमजीएचडीआर हे मॉड्यूल त्यामानाने निरुपद्रवी, पण शिक्का आणि वस्तू यांच्यातले अंतर दाखवायला ते अधिक उपयोगी आहे. ते फाइलचे पहिले ३२ बाइट वाचे आणि त्यात ओळखीच्या खुणा आहेत का हे पाही. सिलिकॉन ग्राफिक्सचे आरजीबी चित्र त्याला ओळखता येई, सनची रास्टर फाइल ओळखता येई. आयफोनने काढलेला एचईआयसी फोटो मात्र त्याच्या गावीही नव्हता. जेपीईजीची गंमत तर वेगळीच. कित्येक वर्षे ते ठरावीक जागी ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ ही अक्षरे आहेत का तेवढेच तपासत असे. नियमाने पूर्णपणे योग्य असलेल्या, पण ती अक्षरे त्या जागी नसलेल्या जेपीईजी फाइलबद्दल ते ‘माहीत नाही’ असे सांगून मोकळे होई. वापरणाऱ्याला वाटे फाइलच खराब आहे. भाषेची स्वतःची लायब्ररी चुकेल असे कोणाच्या मनात येत नाही.

या परिस्थितीवर उपाय म्हणून ख्रिश्चन हाइम्स यांनी मे २०१९ मध्ये प्रस्ताव मांडला. पायथनमध्ये अशा प्रस्तावांना पेप म्हणतात, हा ५९४ क्रमांकाचा. ब्रेट कॅनन त्याचे सहलेखक झाले. मार्च २०२२ मध्ये स्टिअरिंग कौन्सिलने तो स्वीकारला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.११ मध्ये ही मॉड्यूल्स वापरताच इशारा दिसू लागला आणि आणखी दोन वर्षांनी ती गेली. जुन्यातली शेवटची आवृत्ती, म्हणजे ३.१२, हिला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. प्रस्तावापासून मोजले तर सवड नऊ वर्षांची झाली.

तरीही स्थैर्याचा आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. भाषा म्हणजे इतरांनी ज्यावर इमारती बांधल्या अशी जमीन. तिने पायाखालून सरकू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही. गो या भाषेने २०१२ मध्ये १.० आवृत्तीबरोबर तसे वचनच दिले आणि ते पाळलेही. तिथे २०२१ मध्ये एक सोयीचे पॅकेज कालबाह्य ठरवले, इतरत्र पर्याय दिला, पण जुने आजही चालते. मग पायथनला हे का जमू नये? एक कारण असे की गो जन्मली तीच पॅकेजे बाहेरून सहज आणता येण्याच्या जमान्यात, तिने सुरुवातीलाच हात आखडता ठेवला. पायथनने वचन न देता साठा केला होता. दुसरे कारण सी भाषेच्या इतिहासात आहे. सीच्या लायब्ररीत गेट्स नावाचे फंक्शन होते. ते एक ओळ वाचून दिलेल्या जागेत भरे, पण ती जागा केवढी आहे हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर हाहाकार उडवणाऱ्या मॉरिस वर्मने जी दारे वापरली, त्यातले एक फिंगर सर्व्हरमधला हाच गेट्स. सुरक्षितपणे वापरताच येणार नाही असे हे फंक्शन सीच्या प्रमाणातून प्रत्यक्षात निघाले २०११ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी. ज्या भाषेने स्थैर्य सर्वांत जास्त जपले तिथे ही किंमत मोजली गेली आणि ती भाषेच्या समितीने नव्हे, गेट्सवर विसंबलेल्या प्रोग्रॅमांच्या मालकांनी मोजली.

स्थैर्यवाद्यांचे एक म्हणणे मात्र मला पूर्ण पटते: इशारे पोचत नाहीत. पायथनमध्ये एखादी गोष्ट कालबाह्य झाल्याचा इशारा मूळ सेटिंगमध्ये बहुतेक ठिकाणी दडवलेलाच असतो, कारण तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी असतो, चालवणाऱ्याला त्याचा नुसता त्रास. परिणाम असा की लिहिणाऱ्यालाही तो दिसत नाही. कलेक्शन्स मॉड्यूलमधली काही नावे २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत दुसरीकडे हलवली गेली. जुन्या जागेवरून ती काढायचे ठरले ३.९ ला, तेव्हा इतके काही मोडेल असे दिसले की एक आवृत्ती थांबावे लागले. अखेर २०२१ मध्ये ३.१० ला ती गेली आणि नऊ वर्षांच्या मुदतीनंतरही पुष्कळांचे प्रोग्रॅम त्या दिवशी बंद पडले. असिंकोअर या मॉड्यूलचेही तसेच. ३.११ च्या तयारीत ते काढले, ओरड झाली, परत घातले, ३.१२ ला पुन्हा काढले. म्हणून मुदत वर्षांत मोजून भागत नाही. पालथ्या घड्यावर नऊ वर्षे पाणी ओतले काय आणि दोन वर्षे काय. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘काढू नका’ हा नाही. लोक मोठी पॅकेजे ज्यांच्याकडून घेतात त्यांच्यापर्यंत काम आधी पोचवा, हा आहे. ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स हे पॅकेजे बांधणारे मॉड्यूल गेले. ते तर वैज्ञानिक गणनेच्या सगळ्या डोलाऱ्याच्या पायाशी होते. त्या डोलाऱ्यातल्या नमपाय या पॅकेजने त्यासाठी आपली बांधणीची व्यवस्थाच बदलून मेसन या साधनावर नेली आणि ३.१२ येण्याआधी आपली १.२६ आवृत्ती तयार ठेवली. नमपाय वापरणाऱ्या बहुतेकांना मधल्या मध्ये काय उलथापालथ झाली याचा पत्ताही लागला नाही.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. लायब्ररीतून काढले की लोक ते पायपीआयवरून आणतील, असे म्हटले जाते. पण सगळ्यांना आणता येते का? बँकेच्या, संरक्षण खात्याच्या किंवा कारखान्याच्या आतल्या जाळ्यात बाहेरचे पॅकेज घ्यायचे तर मंजुरीचे सोपस्कार असतात, आणि भाषेबरोबर आलेला कोड मात्र एकदाच मंजूर झालेला असतो. शिवाय बाहेर गेलेला कोड सांभाळणार कोण? आवाजाच्या कच्च्या नमुन्यांवर गणित करणारे ऑडिओऑप हे मॉड्यूल याचे बोलके उदाहरण. ते मृत मानले गेले, पण आवाजाच्या फाइली कापण्या-जोडण्यासाठी लोकप्रिय असलेले पायडब त्यावर उभे होते आणि डिस्कॉर्डसाठी बॉट लिहिण्याची नामांकित लायब्ररीही. ३.१३ वर दोन्ही अडली. मग कोणीतरी ‘ऑडिओऑप-एलटीएस’ नावाने तोच कोड पायपीआयवर आणला, सीजीआयसाठी ‘लेगसी-सीजीआय’ आले. इथे एक बारकावा आहे. टेलनेटलिब हे शुद्ध पायथनमध्ये लिहिलेले, एका फाइलचे मॉड्यूल होते. परवाना मुक्त असल्यामुळे ती फाइल उचलून आपल्या प्रकल्पात ठेवली की काम झाले. ऑडिओऑप सी भाषेत होते, म्हणजे प्रत्येक प्रणालीसाठी कंपाइल करणारा कोणीतरी हवाच. दोघांना एकाच तारखेला सारख्याच रीतीने निरोप देणे हे मला या प्रस्तावातले सर्वांत कच्चे काम वाटते. बाहेरचे अधिकृत घर आधी उभे करून मग दार लावता आले असते. जावाने २०१८ मध्ये ११ व्या आवृत्तीतून एक्सएमएल आणि कोर्बासाठीची मॉड्यूल्स काढली, तेव्हा त्यातल्या बऱ्याच गोष्टी स्वतंत्रपणे आधीपासून उपलब्ध होत्या. पर्लने तर २०१५ मध्ये सीजीआय मॉड्यूल गाभ्यातून काढले, तेव्हा ते सीपॅन या त्याच्या कोठारात सांभाळणाऱ्यासकट जागेवर होते.

एवढे मान्य करूनही तराजू दुसरीकडे झुकत नाही. ‘ऑडिओऑप-एलटीएस’ कोणावर तरी अवलंबून आहे हे आज स्पष्ट दिसते. आधी तो कोड कोणावरही अवलंबून नव्हता आणि ते दिसत नव्हते. बँकेच्या मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने पायथन एकदा मंजूर केले, तेव्हा त्यासोबत मेलकॅपही मंजूर झाले होते, त्या सात वर्षांच्या भोकासकट. बाहेर गेलेल्या पॅकेजात दोष निघाला तर दुरुस्ती उद्या येऊ शकते. भाषेच्या आत असले की ती भाषेच्या पुढच्या आवृत्तीला बांधलेली असते.

नुसते वय हा निकष नव्हता, हे जे राहिले त्यावरून दिसते. गेटऑप्ट आणि ऑप्टपार्स ही दोन्ही जुनी, त्यांच्यापेक्षा सरस मॉड्यूल लायब्ररीतच आहे, तरी राहिली, कारण असंख्य प्रोग्रॅम त्यांच्यावर चालतात आणि ती कोणाला दुखापत करत नाहीत. आवाजाच्या इतर मॉड्यूल्सबरोबर वेव्हही जाणार अशी चिन्हे होती. ते वाचले ते शिकवणाऱ्यांमुळे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला चार ओळींत संगणकातून चित्रविचित्र आवाज काढून दाखवता येतात, ही बाजू डेव्हिड बीझली यांनी मांडली आणि ती प्रस्तावात नोंदली गेली. टेलनेटलिबसाठी असे कोणी उभे राहिले नाही. टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो हे खरे, पण जुने स्विच, प्रयोगशाळेतली उपकरणे, कारखान्यातले नियंत्रक आजही त्याच भाषेत बोलतात आणि त्यांच्या मालकांना या चर्चांचा वाराही लागलेला नसतो. ते मॉड्यूल काढणे चूक होते असे मी म्हणणार नाही. पण जो बोलतो त्याचे राहते, हेही या यादीने दाखवले.

आत येणाऱ्यांबाबत आता बरीच कडक तपासणी होते. ज्या ३.११ आवृत्तीने या १९ मॉड्यूल्सवर इशारा लावला, तिच्यातच टॉमलिब हे नवे मॉड्यूल आले. टॉमल हा सेटिंगच्या फाइलींचा एक प्रकार. पायथनचे पॅकेज कसे बांधायचे याची माहिती हल्ली अशाच फाइलीत असते, तेव्हा टॉमल वाचणारे पॅकेज बांधून बसवायलाही टॉमल वाचता यावे लागते. जे बाहेरून आणण्यासाठी तेच आधी आत असावे लागते, त्याची जागा लायब्ररीत आहे, हे उघड होते. पण टॉमलिब फक्त वाचते, लिहीत नाही. लिहायचे तर मोकळी जागा किती सोडायची, मूळ फाइलीतल्या टिपा राखायच्या का, यावर लोकांची मते वेगवेगळी आहेत आणि एकदा आत घेतले की निवडलेली रीत पुढची कित्येक वर्षे सांभाळावी लागणार. तो भाग बाहेरच ठेवला गेला. ज्याला लिहायचे आहे तो पायपीआयवरून पॅकेज घेतो.